थायरॉईडच्या गाठीचा रिपोर्ट अर्धवट नको

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

‘थायरॉईडमध्ये गाठी आहेत. पुढील तपासणी करावी.’ जिल्ह्याच्या ठिकाणी रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करताना असे दोन ओळींचे रिपोर्ट माझ्यासमोर सतत येतात. गाठ केवढी, कशी, पुढची तपासणी कोणती, काहीच लिहिलेलं नसतं. पेशंट कॅन्सरच्या धास्तीने या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरत राहतो.

खरं तर शंभरातल्या नव्वदहून अधिक गाठी साध्या असतात, आणि संशयास्पद कोणती हे सोनोग्राफीत बऱ्यापैकी ओळखता येतं. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने २०१७ मध्ये त्यासाठी टायरॅड्स ही गुणपद्धत दिली. गाठ भरीव की पाण्याची, पडद्यावर किती काळी दिसते, रुंदीपेक्षा उंचीला जास्त आहे का, कडा कशा आहेत, आत बारीक पांढरे ठिपके आहेत का, अशा पाच गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज ७ किंवा जास्त आली, तर १ सेंटिमीटरच्या गाठीचीही सुईने तपासणी करायची. ३ गुणांची गाठ मात्र २.५ सेंटिमीटरची होईपर्यंत सुई लागत नाही.

गुण नसले की नुकसान दोन्हीकडून होतं. निरुपद्रवी गाठीसाठी ऑपरेशन होतं, पूर्ण ग्रंथी काढली तर आयुष्यभर गोळी लागते. आणि ‘अनेक गाठी’ या दोन शब्दांत खरी संशयास्पद, लहानशी गाठ हरवते. सुई जाते ती सगळ्यात मोठ्या गाठीत!

निरोगी माणसांच्या गळ्याची सोनोग्राफी शिबिरांतून करा, असं माझं मुळीच म्हणणं नाही. दक्षिण कोरियात ती सर्रास झाली. १९९३ ते २०११ या काळात थायरॉईड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण पंधरापट झालं, मृत्यूचं प्रमाण मात्र तेवढंच राहिलं.

मागणी एवढीच आहे. थायरॉईडच्या प्रत्येक रिपोर्टवर गाठीची तिन्ही मापं, गुणांच्या बेरजेवरून ठरणारा टायरॅड्सचा वर्ग आणि मानेतल्या लसिका गाठींची (लिम्फ नोड्सची) नोंद असलीच पाहिजे, असा आदेश काढा. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे राज्यातल्या सोनोग्राफी केंद्रांची नोंदणी आधीच झालेली आहे, त्यामुळे आदेश कुठे पाठवायचा हा प्रश्नच नाही. नवीन मशीनही लागणार नाही. सुरुवात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आणि जिल्हा रुग्णालयांपासून करा. रिपोर्टचा एक पानी नमुना मी स्वखुशीने तयार करून देईन.

आपला,
एक रेडिओलॉजिस्ट