पंप बदलण्याआधी हे कर

पावस, चैत्र

प्रिय बाळ्या,

काल रात्री फोन ठेवला, पण झोप लागली नाही. "गाडी सुरू करून खळ्यातून काढताना पहिला ब्रेक दगडासारखा लागतो, मग बरा होतो," असं तू सहज बोलून गेलास आणि लगेच पहिल्या तोडणीच्या गोष्टीवर गेलास. माझ्या पोटात मात्र गोळा आला. कोल्हापूरची खेप भरण्याआधी हे पत्र पुरतं वाच.

गेल्या मे महिन्यात पेट्या उतरवून मी आंबा घाटाने रिकामा परत येत होतो. गाडी चौथ्या गिअरमध्ये, पाय सारखा ब्रेकवर. चूक माझीच. साखरप्याच्या बाजूला उतरताना एका वळणावर पेडल खाली जाईचना. पाठ सीटला रेटून दोन्ही पायांनी दाबलं, तेव्हा कुठे गाडीचा वेग पडला. मग दुसऱ्या गिअरमध्ये टाकून कशीबशी खाली आणली. ब्रेक गेले नव्हते, हे लक्षात ठेव. गेली होती ती बूस्टरची मदत. बूस्टर म्हणजे पेडलमागचा गोल डबा, व्हॅक्युमच्या, म्हणजे हवा ओढून केलेल्या पोकळीच्या, जोरावर तो पायाचा दाब वाढवतो. अशा वेळी पेडल पंपासारखं मारत बसू नकोस, दर दाबाला उरलासुरला व्हॅक्युम संपतो. एकदाच घट्ट दाबायचं आणि धरून ठेवायचं.

पेट्रोल गाडीला व्हॅक्युम इंजिनाच्या ओढीतून फुकट मिळतो. आपल्या जुन्या डिझेलला थ्रॉटल, म्हणजे आत जाणारी हवा अडवणारी झडपच नाही, म्हणून तो वेगळ्या पंपाने तयार करावा लागतो. डायनामोच्या पाठीला बसवलेला तो छोटा डबा म्हणजे हाच पंप. त्याला वंगण इंजिनाच्याच ऑइलचं. तिथून जाड होज बूस्टरला जातो, वाटेत एक वाल्व्ह असतो, हवा एकाच दिशेने जाऊ देणारा. पंप आणि वाल्व्ह यांच्या मधल्या टी जॉइंटवरून बारीक पाइप ईजीआरकडे, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या वाल्व्हकडे. एवढाच पसारा.

मी गाडी गॅरेजला नेली तेव्हा मेस्त्रींनी बॉनेट उघडून म्हटलं, पंप गेला, डायनामोसकट बदला. तेवढे पैसे त्या हंगामात नव्हते, म्हणून गाडी घरी आणली. ते बरंच झालं.

आधी खळ्यात, चाकांना दगड लावून, दोन गोष्टी कर. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाब, कडक होईल. तसंच दाबून धर आणि सेल मार. पेडल पायाखाली थोडं बसलं पाहिजे. माझं बसायला बराच वेळ लागला. दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे. इंजिन मिनिटभर चालवून बंद कर, पाच मिनिटं थांब, मग दाब. पहिले एक-दोन दाब मऊ यायला हवेत. माझा पहिलाच कडक! आता तूच विचार कर. इंजिन बंद झाल्यावर पंपाचा संबंधच संपला, वाल्व्हने वाट अडवलेली. तरी साठा पळाला, म्हणजे निदान एक गळती वाल्व्हमध्ये, त्याच्या पुढच्या होजमध्ये किंवा बूस्टरमध्येच. नवा पंप घालूनही ती तशीच राहिली असती.

मग रत्नागिरीहून व्हॅक्युम मोजायचं गेज आणि हाताने हवा ओढायचा पंप आणला. गेज थेट पंपाच्या नळीला लावलं. काही सेकंदांत 680 मिलीमीटर पारा! म्हणजे पंप उत्तम. तुझा 600 च्या वर आला तर त्याच्याकडे वळूनही पाहू नकोस. हे माप खालीच घे, घाटमाथ्यावर हवेचाच दाब कमी. दर 300 मीटरला साधारण 25 मिलीमीटरचा फरक पडतो.

नंतर होज परत जोडून गेज त्याच्या वाटेत घातलं, तर 380. एकेक फाटा रबरी बुचाने बंद करत गेलो. ईजीआरचा फाटा बंद करताच काटा 560 वर चढला. तो पाइप वरून अगदी चांगला दिसत होता. खालून बोट फिरवलं तर ब्रॅकेटला घासून नखाएवढी चीर पडलेली. कापून नवा घातला, तरी 560 च्या वर जाईना, आणि पाच मिनिटांची परीक्षाही नापास. मग हाताच्या पंपाने बूस्टर खेचून धरला. वाल्व्ह बूस्टरमध्ये शिरतो तिथला रबरी बुश उन्हाने लाकूड झालेला, बोटाने दाबला की सूंऽ आवाज थांबे. तेवढा बुश बदलला आणि काटा 660 वर गेला. त्या संध्याकाळी मी पेडल किती वेळा दाबून बघितलं, विचारू नकोस.

कुणी म्हणेल, गळती शोधायला होजवर क्लीनरचा फवारा मारून इंजिनचा आवाज बदलतो का बघ. ती पेट्रोल गाडीची रीत, आपल्याकडे काही कळत नाही, उलट फवारा पंपातून ऑइलमध्ये जातो. पाण्याचा साधा पाइपही घालू नकोस, आतून खेचला की तो चपटा होतो. व्हॅक्युमसाठीचा जाड होजच माग. आणि खाऱ्या वाऱ्याने क्लॅम्प गंजतात, ते सगळे एकदाच बदलून टाक. पेडल दाबून धरल्यावर पायाजवळ फुसफुस सतत येत असेल तर मात्र बूस्टरचा पडदा फाटलाय. तो काही खळ्यात दुरुस्त होणार नाही.

हे होईपर्यंत फोंडा घाट नाही, करूळही नाही. आंबा दोन दिवस आढीत राहील. हवं तर माल दुसऱ्याच्या गाडीने पाठव, भाडं आपण वाटून घेऊ. वहिनींना मी हे काही सांगितलेलं नाही, तूच सांग.

शनिवारी सकाळच्या एसटीने देवगडला येतो, गेज आणि हाताचा पंप घेऊन. तोवर जुन्या होजचं तोंड आतून मोजून ठेव आणि गाडी सावलीत लाव, बॉनेट गार हवं.

तुझाच,
दादू