बॉक्स वाढवू नका, पट्ट्या खाली आणा

महोदय,

आमच्या पारोळा-अमळनेर भागात गावोगावी मंदिरांपुढे पक्के सभामंडप झाले. वर पत्रा नाहीतर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना टाइल्स. मंडप देखणे आहेत, पण सप्ताहात मागे बसलेल्या माणसाला अभंगाचा चरण कळत नाही आणि मध्येच माईक शिट्टी मारतो. मग वर्गणी काढून आणखी दोन स्पीकरचे बॉक्स आणतात. माईकच्या धंद्यात आयुष्य गेलेला माणूस म्हणून कळकळीने सांगतो, त्याने दुखणं वाढतं.

स्पीकरमधून निघालेला आवाज परत माईकमध्ये शिरतो, मशीन तो वाढवून पुन्हा बाहेर टाकते, आणि हे फिरत राहतं, म्हणून शिट्टी होते. पण सगळे स्वर सारखे फिरत नाहीत. त्या मंडपात, त्या जागेवरच्या माईकला जो स्वर जास्त पोचतो तोच आधी उसळतो. तेवढाच धरून दाबता आला तर बाकीचा आवाज शाबूत राहतो. एकतीस पट्ट्यांचा इक्वलायझर, म्हणजे खर्जापासून टिपेपर्यंतचा आवाज तुकड्यातुकड्याने कमी-जास्त करायचं मशीन, त्यासाठी असतो. बहुतेक ठिकाणी मात्र तो दोन्ही टोकं वर आणि मधल्या पट्ट्या खाली, असाच लावलेला दिसतो. वरातीच्या गाण्याला ते चालेल. कीर्तनात शब्द मधल्या पट्ट्यांतच असतात, ते मरतात.

कार्यक्रमाआधी सगळ्या पट्ट्या मधोमध आणाव्यात. माईक ठरल्या जागी, बॉक्स माईकच्या पुढे आणि तोंड लोकांकडे, पंखे चालू. कोणी बोलायचं नाही. आवाज अगदी हळू चढवत न्यायचा आणि गुणगुण सुरू झाली की थांबायचं. हुंकारासारखं घुमलं तर २०० ते ५०० हर्ट्झमध्ये (हे स्वराच्या उंचीचं माप) शोधावं, कानाला टोचलं तर २००० ते ४००० मध्ये. सापडलेली पट्टी तीन डेसिबल खाली, पुन्हा आवाज वर, पुन्हा पुढचा स्वर. चार-पाच स्वर दाबले की हात आवरावा. त्यापुढे सगळीकडूनच वाजू लागतं, आणि पट्ट्या पाडत गेलं तर बोलण्याची धार जाते. शेवटी आवाज थोडा उतरवून ठेवावा, म्हणजे बुवा टिपेला गेले तरी भीती नाही.

टाळकऱ्यांपुढचे नको असलेले माईक बंद ठेवा. चालू माईक दुप्पट झाले की शिट्टीआधीची मोकळीक तीन डेसिबलने घटते. उलट माईक तोंडापासून निम्म्या अंतरावर आणला की सहा डेसिबल मिळतात, तेही फुकट. माईकची जाळी मुठीत धरली की तो सगळीकडचं ऐकू लागतो. बुवांना हे सांगायला संकोच वाटतो, तरी सांगावं.

आता मंडपाच्या घुमण्याबद्दल. ते कोणत्याही इक्वलायझरने जात नाही. मागची भिंत पंधरा मीटरवर असेल तर आदळून परतलेला शब्द सेकंदाच्या साधारण बाराव्या भागाने उशिरा येतो आणि पुढच्या शब्दावर बसतो. हार्वर्डचे वॉलेस सॅबिन यांनी १८९५ मध्ये अशाच घुमणाऱ्या व्याख्यानगृहात खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवल्या आणि घुमणं किती घटतं ते मोजलं. आपल्याकडे सतरंज्या आहेत, गोधड्या आहेत, जाड पडदे आहेत. मागच्या भिंतीला भिंतीपासून वीतभर सोडून जाड पडदा लावा. माणसंही आवाज शोषतात, म्हणून सकाळी रिकाम्या मंडपात लावलेलं रात्री भरल्या मंडपात पुन्हा ऐकून घ्यावं लागतं.

पण ऐकायला वेळ देतं कोण? गाडी उतरते तेव्हा दिंडी दारात असते आणि मागून हाक येते, "आवाज वाढव ना भो!" विश्वस्त मंडळींना आणि ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे: माईकवाल्याला कार्यक्रमाआधी एक तास मंडप शांत करून द्या. आणि ज्या गावात मंडपाचं काम अजून चालू आहे, तिथे मागच्या भिंतीची टाइल तेवढी रद्द करा.

आपला,
एक माईकवाला, पारोळा (जि. जळगाव)