खंबाटकी घाटातल्या दूधगाडीवाल्यांचे आभार

साताऱ्याच्या युवक मेळाव्यात आमच्या पोरांची मल्लखांबाची प्रात्यक्षिकं होती. पोरं जीपने पुढे गेली आणि खंबाटकी घाट चढताना आमच्या टेम्पोचा क्लच गेला. वरून पाऊस, मागे उघड्यावर सागवानी खांब.

रिकामे कॅन घेऊन चाललेली दूधगाडी आपणहून थांबली. दोघं उतरले, कॅन एका कडेला रचून जागा केली. धाकट्याने स्वतःच्या अंगावरची रेनकोटची पँट काढून खांबाच्या निमुळत्या टोकाला बांधली. “ओल्या खांबावरनं पोरगं सटकंल की!” त्याने कधीकाळी शाळेत मल्लखांब केला असावा, नाहीतर हे कोणाला सुचतं? मैदानावर पोचल्यावर दोघांनी खांब फडक्याने कोरडा पुसला. मग आम्ही एरंडेल लावलं. कार्यक्रम वेळेत झाला.

डिझेलचे पैसे काही केल्या घेतले नाहीत. थोरल्याने जाताना तेवढं विचारलं, “मुली पण करतात का हो?”

करतात दादा, खांबावरही आणि दोरीवरही. गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहिलं. लेकीला घेऊन आखाड्यात या, फी घेणार नाही. रेनकोटची पँटही आमच्याकडेच आहे. मनापासून आभार.