हेटॉरची खाण दगड संपल्यामुळे बंद पडली नाही

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील डार्टमूरवरचा प्रवासलेख वाचला. हेटॉरच्या खाणीबद्दल ‘दगड संपला आणि खाण ओस पडली’ असे त्यात म्हटले आहे, ते बरोबर नाही. ग्रॅनाइट तिथे आजही ढिगाने आहे. परवडेनाशी झाली ती वाहतूक.

डार्टमूर हा इंग्लंडच्या डेव्हनमधला उघडा माळ; त्यावरचे हेटॉरचे शिखर ४५७ मीटर उंच. जॉर्ज टेम्प्लर यांनी १८२० मध्ये खाणीपासून खालच्या स्टोव्हर कालव्यापर्यंत घोड्यांची ट्रामवे टाकली. फाटे धरून ती सुमारे १६ किलोमीटर भरते आणि साधारण ४०० मीटर खाली उतरते. ग्रॅनाइट पायाशीच पडलेला, म्हणून रूळही त्याचेच घडवले. एकेक चिरा ४ ते ८ फूट लांब, त्याच्या अंगात पायरीसारखी खाच. चाकाला आवरणारी कड चाकाला नाही, दगडाला आहे. दोन रुळांमधले अंतर ४ फूट ३ इंच. १२ गाड्यांना १८ घोडे, तेही एकामागे एक. चढताना ते पुढे जुंपत. भरल्या गाड्या उतरताना मागे, ओढ धरायला.

दगड फोडायची रीतही लेखात यायला हवी होती. ठरलेल्या रेषेवर पहारीने काही इंच खोल, एका ओळीत गोल भोके पाडायची. प्रत्येक भोकात लोखंडाच्या दोन पट्ट्या आणि मध्ये पाचर. मग हातोडा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, सगळ्या पाचरींवर सारखा आणि पुनःपुन्हा. घाई करून एकीवरच जोर दिला की चीर रेषा सोडून पळते आणि चिऱ्याचा डबर होतो. (आपल्याकडच्या पाथरवटाला हे सांगायला नको.) टाकून दिलेल्या दगडांच्या कडांना आजही उभी चिरलेली अर्धी भोके दिसतात, कंगव्याच्या दात्यांसारखी. फुटलेल्या बाजूवरून हात फिरवला तरी लागतात.

आता बंद पडण्याचे कारण. चिरा खाणीत क्रेनने उचलून गाडीवर, कालव्याच्या टोकाशी व्हेंटिफर्डला गाडीतून पडावात, टेनमथ बंदरात पडावातून जहाजात. तीनदा उचल, तीनदा मजुरी, आणि दर वेळी घडीव कड उडण्याची भीती वेगळीच. कॉर्नवॉलमधल्या पेनरिनसारख्या ठिकाणी खाणी समुद्राला लागून होत्या, त्यामुळे तिथला ग्रॅनाइट स्वस्त पडू लागला. १८५० मध्ये हेटॉरला शंभरेक माणसे कामावर होती. १८५८ पर्यंत नियमित काम थांबले. शेवटचा दगड १९१९ मध्ये एक्सेटरच्या युद्धस्मारकासाठी काढला. खाणीत आता पाणी साठले आहे आणि जुन्या क्रेनचे लाकूड-लोखंड काठाशी पडून आहे.

आणखी एक दुरुस्ती. १८३१ च्या लंडन ब्रिजला हेटॉरचा दगड वापरला होता हे खरे, पण तो पूल आता थेम्सवर नाही. १९६८ मध्ये तो विकला गेला आणि त्याचे बाहेरचे चिरे अमेरिकेत ॲरिझोनातल्या लेक हवासू सिटीत नव्या काँक्रीटच्या सांगाड्यावर बसवले गेले. लंडनला जाऊन वाचक पाहतील तो पूल १९७३ चा आहे.

– एक वाचक, सातारा