मग आंघोळ कशाला?

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीच्या सुट्टीत मराठीची वही सहीसाठी माझ्यापुढे ठेवलीस, तेव्हा ‘श्यामची आई’वरचं तुझं स्वमत वाचलं. उत्तर नीटनेटकं आहे. ‘मातृप्रेमाचे महन्मंगल स्तोत्र’, ‘संस्कारांची शिदोरी’, सगळं जागच्या जागी. पण त्याच्या वर पेन्सिलीनं लिहून खोडलेली एक ओळ होती. खोडरबर नीट फिरलं नव्हतं म्हणून वाचता आली: ‘मोळी उचलून दिली ना, मग आंघोळ कशाला?’

सई, पूर्ण पानात तुझी अशी तेवढीच ओळ होती, आणि तीच तू पुसलीस. ती पुन्हा लिही, असं सांगायला हे पत्र.

‘देवाला सारी प्रिय’मधली ती म्हातारी महारीण. मोळी खाली पडलेली, अंगात ताकद नाही, आणि शिवाशिवीपायी कुणी हात लावायला तयार नाही. श्यामची आई मुलाला पाठवते. लोक बोलतील म्हणून तो बिचकतो, तर ती म्हणते, मी घरी जाऊन आंघोळ करणार आहे असं सांग त्यांना. गाईडमधलं उत्तर आईच्या माणुसकीपाशी संपतं. तू आंघोळीपाशी अडलीस. लक्ष देऊन वाचणारा माणूस तिथेच अडायला हवा.

आता तुला कुणीतरी म्हणेल, ‘अगं, त्या काळी तसंच होतं.’ एवढ्यावर गप्प बसू नकोस. तो काळ त्या म्हातारीचाही होता. तिला काय वाटलं, ते गोष्टीत कुणी विचारत नाही. आणि हे पुस्तक साने गुरुजींनी लिहायला घेतलं १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात. त्याच नाशकात १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. त्याआधी १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं होतं. तुला पडलेला प्रश्न तेव्हा रस्त्यावर उभा होता.

दुसरं कुणी म्हणेल, ती आई ढोंगी होती, सोड ते पुस्तक. हेही मला पटत नाही. पालगडसारख्या गावात, ब्राह्मणाच्या घरातल्या बाईनं मुलाला त्या मोळीपाशी पाठवणं सोपं नव्हतं. आंघोळीची सबब पुढे केली म्हणूनच तिला त्याला पाठवता आलं, असं मला वाटतं. तिची दया खरी होती आणि तिची शिवाशिवही खरी होती. दोन्ही एकाच बाईत होत्या. हे लिहिताना तुला अवघड गेलं असणार, म्हणून तू गाईडकडे वळलीस.

मला आणखी एक दिसतं. गुरुजींना ती आंघोळ गाळता आली असती. कोठडीत बसून लिहीत होते, कोण तपासायला येणार होतं? त्यांनी ती ठेवली. पुढे १ मे १९४७ ला विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून ते पंढरपुरात उपोषणाला बसले आणि दहाएक दिवस बसून राहिले. आईनं घातलेली अट मुलानं मोडली, असं मी ते वाचते. तुला वेगळं वाटू शकतं. वाटलं तर कारण लिही, मला आवडेल.

पोहायला नको म्हणून लपलेल्या श्यामला शिंपटीनं झोडपणारी आई तुला आवडली नाही, हे फोनवर म्हणालीस. नको आवडू दे. मुलाला कुणी भित्रा म्हणू नये म्हणून मारते हे मला कळतं, तरी मलाही ते पान जड जातं. तेही वहीत जाऊ दे. फक्त नुसतं ‘आवडलं नाही’ म्हणून थांबू नकोस. कुठल्या वाक्याला राग आला ते शोध, ते वाक्य उतरवून घे आणि त्याच्याखाली लिही. मार्क एखादा कमी पडला तरी चालेल, मी सही करीन.

सोबत एक पुस्तक पाठवते आहे, बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. १९८६ मध्ये पुस्तकरूपानं आलं. त्या फलटणला दुकान चालवायच्या, तिथे बसून घरच्यांपासून लपवून लिहायच्या. त्यातही लाकडाची मोळी आहे, पण ती वाहणाऱ्या बाईनं सांगितलेली. महारणी मोळ्या घेऊन ब्राह्मण आळीत जातात, तेव्हा घरातली बाई लांबूनच बजावते, लाकडाला तुमचा केस किंवा लुगड्याचा धागा अडकलेला राहू देऊ नका, नाहीतर घर बाटेल. ते वाचून माझं दोन दिवस दुसऱ्या कशात मन लागलं नाही. काही पानं फार कठोर आहेत. दमलीस तर थांब, मला फोन कर, मग पुढे वाच.

वाचून झालं की ‘देवाला सारी प्रिय’ पुन्हा एकदा काढ आणि या वेळी त्या म्हातारीकडे बघत वाच. जे सुचेल ते आधी मला लिहून पाठव. शाळेच्या वहीत त्यातलं किती घालायचं, ते तू ठरव. बाईंना विचारायचं असेल तर सरळ विचार, मला वाटतं त्यांनाही बोलायला आवडेल.

थंडी वाढली आहे, सकाळी कानटोपी घालत जा. बाबांचे आणि आजीचे आशीर्वाद.

तुझी,
आई