अमृतसरच्या फाळणी संग्रहालयातल्या दीदींना, उल्हासनगरहून

दीदी,

सप्रेम नमस्कार.

आमच्या नववीच्या मुलांना तुम्ही फाळणी दाखवलीत, आणि ती दाखवताना एकाही मुलाला कुणाच्या पापाचं ओझं उचलायला लावलं नाहीत. त्याबद्दल हे पत्र. तुम्ही वयाने माझ्या मुलीएवढ्या असाल, पण मुलांनी तुम्हाला आल्या आल्या दीदी करून टाकलं आणि मग माझ्याही तोंडात तेच बसलं. पत्राचा हिंदी मजकूर वेगळा पाठवते आहे. मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे ते माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींसाठी. महाराष्ट्रातून कितीतरी शाळांच्या सहली अमृतसरला जातात. सुवर्णमंदिर, जालियनवाला बाग, संध्याकाळी अटारीची परेड, की लगेच परतीची गाडी. तुमचा टाउन हॉल वाटेवरच आहे, बागेपासून अगदी चालत जाण्याजोगा, आणि बहुतेक सहली त्याच्यासमोरून निघून जातात. त्या आत याव्यात असं मला मनापासून वाटतं.

खरं तर तुमचं काम आम्ही आत येण्याआधीच सुरू झालं होतं. वेळ ठरवायला मी फोन केला तेव्हा मुलं किती, वय काय, हे तुम्ही विचारलंतच. पुढे विचारलंत, कुणाच्या घरी नुकताच मृत्यू झालाय का? फाळणीत आलेल्या घरांतली मुलं किती? आणि वर्गात एकटं पडेल असं कुणी आहे का? आमच्या गटात दोन मुसलमान मुलगे होते. ते सांगितल्यावर तुम्ही म्हणालात की त्यांच्याकडे वळून कुणी बघणार नाही अशा रीतीने मी सांगेन, काळजी करू नका. इतकी वर्षं शिकवते आहे, पण कुठल्याही स्थळी जाताना असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तिकिटं, जेवण, स्वच्छतागृह, एवढंच विचारतात.

आणि तुम्ही ते करून दाखवलंत. सुरुवातीलाच मुलांना सांगितलंत की १९४१ च्या जनगणनेत या अमृतसर शहराचे जवळपास निम्मे रहिवासी मुसलमान होते, आणि फाळणीनंतर जवळजवळ कुणीच उरलं नाही. तिकडे लाहोरमधून हिंदू आणि शीख तसेच गेले. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडीच्या गावांत शीख आणि हिंदू मारले गेले, ऑगस्टमध्ये पूर्व पंजाबात मुसलमान. हे सगळं तुम्ही एकाच आवाजात सांगितलंत. कुठे आवाज चढला नाही, कुठे उतरला नाही. कुणी कुणाला लपवलं, कुणी शेजाऱ्याच्या दारात उभं राहून जमाव परतवला, तेही दोन्हीकडचं सांगितलंत. आमचे ते दोघे मुलगे सुरुवातीला माझ्या मागे मागे होते. तासाभरात ते नकाशापाशी सगळ्यांत पुढे होते. मला तेवढं पुरे होतं.

नकाशापाशी मुलं खूप वेळ रेंगाळली. दोन देशांमधली सीमा आखायला नेमलेले इंग्रज वकील रॅडक्लिफ साहेब ८ जुलै १९४७ ला भारतात पोचले, त्याआधी त्यांनी हा देश पाहिलाही नव्हता, हातात पाच आठवडे, आणि त्यांची रेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. तुमचं संग्रहालय २०१७ साली त्याच तारखेला लोकांसाठी खुलं केलं हे ऐकून एकाने लगेच वहीत दोन्ही तारखा एकाखाली एक लिहिल्या. पंधरा ऑगस्टला आपण कुठल्या देशात आहोत हे कित्येकांना माहीत नव्हतं, ही गोष्ट मुलांना सगळ्यांत अचाट वाटली. झेंडावंदन त्यांना पाठ आहे. त्या दिवशी कुणीतरी दोन दिवस वाट बघत बसलं होतं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दीदी, एक गोष्ट तुम्ही केली नाहीत, आणि त्याबद्दलही मला आभार मानायचे आहेत. अशा ठिकाणी मुलांना सांगतात, समजा तुम्ही निर्वासित आहात, एका तासात घर सोडायचंय, पिशवीत काय काय भराल? एका मुलीने स्वतःच असा खेळ सुचवला. तुम्ही तिला प्रेमाने नाही म्हणालात. ज्यांच्यावर ते आलं त्यांची भीती आपल्याला खेळून कळणार नाही, असं काहीसं बोललात, आणि मुलांना त्या फुलकारीच्या, म्हणजे पंजाबी भरतकामाच्या, कोटासमोर नेऊन उभं केलंत. आधी गोष्ट सांगितलीच नाहीत. नुसतं बघायला लावलंत. कापड कुठलं असेल? भरतकाम हाताचं की यंत्राचं? कुणासाठी शिवला असेल? कुठे विरलाय, कुठे नाही? शेजारी ती चामड्याची पेटी. ती कुणाची, तिच्यात काय ठेवत असतील? मुलांनी पंधरा मिनिटं तर्क केले. मग तुम्ही सांगितलंत की हा कोट एका तरुणीचा आणि पेटी एका तरुणाची. फाळणीआधी त्यांचं लग्न ठरलं होतं. दंगलीत दोघांची ताटातूट झाली, त्याचे भाऊ मारले गेले, आणि अमृतसरच्या निर्वासित छावणीत जेवणाच्या रांगेत ते दोघे पुन्हा समोरासमोर आले. मार्च १९४८ मध्ये त्यांचं साधेपणाने लग्न झालं. तोवर मुलांना त्या कोटाची वीण न वीण ओळखीची झाली होती, म्हणून ती गोष्ट त्यांच्यात खोल गेली. शेवटी तुम्ही विचारलंत, हा कोट घरच्यांनी इतकी वर्षं का जपला असेल, आणि मग संग्रहालयाला का दिला असेल? याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत, आम्हीही दिलं नाही.

एका मुलाने सरळ विचारलं, एकूण माणसं किती मेली? परीक्षेत एका गुणाला येतो तसा प्रश्न. तुम्ही सांगितलंत की दोन लाखांपासून दहा लाखांपर्यंत आणि त्याहूनही पुढचे अंदाज आहेत. घर सोडावं लागलेले लोक सव्वा कोटींच्या आसपास, काही जण त्याहून जास्त धरतात. मग इतका फरक का, हे समजावलंत. पोलीस, पटवारी, रेल्वेचे कारकून, मोजणारी माणसं स्वतःच पळत होती. गाडीत किती चढले याची नोंद नाही, मग किती उतरले नाहीत हे कोण सांगणार? मी वर्गात पुरावा आणि साधनं हा भाग फळ्यावर चार मुद्द्यांत शिकवते. त्या मुलाला तो तिथे, त्या उत्तरात कळला. आता तो माझ्याकडे प्रत्येक आकडा कुणी मोजला म्हणून विचारतो, आणि मला ते फार आवडतं.

विहिरीबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

त्या दालनाआधी तुम्ही मुलांना थांबवलंत. पुढे काय आहे ते थोडक्यात सांगितलंत. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातल्या थोहा खालसा गावी जमावाच्या हाती पडू नये म्हणून अनेक स्त्रियांनी मुलांसह विहिरीत उड्या घेतल्या, त्याची आठवण म्हणून ही विहीर इथे आहे. ज्यांना यायचं नाही त्यांनी बाहेर बाकावर बसावं, का आला नाहीस म्हणून कुणी कुणाला विचारायचं नाही, आणि आत फोटो काढायचे नाहीत. तिघी-चौघी बाहेर बसल्या. एक मुलगाही बसला, आणि कुणी त्याला हसलं नाही. ते न हसणं तुमच्या बोलण्याने आलं होतं.

आत आमच्या एका मुलीने विचारलं, त्या स्वतःहून गेल्या का? मी श्वास रोखून उभी होते. हो म्हणालात तर तो त्याग ठरतो, नाही म्हणालात तर खून. तुम्ही तिला दोन्हीपैकी काहीच म्हणाला नाहीत. ही गोष्ट पुढे कुणी सांगितली, हे तुम्ही तिला विचारलंत. बहुतेक वाचलेल्या पुरुषांनी, आणि त्यांनी तिला बलिदान म्हटलं. जवळपास पन्नास वर्षांनी, १९९० च्या दशकात काही अभ्यासक बायकांनी फाळणीतून आलेल्या स्त्रियांशी बसून बोलायला सुरुवात केली, तेव्हा दुसरे आवाजही ऐकू आले. काहींनी मनाने ठरवलं असेल, काहींना विचारलंही नसेल, आणि ज्या गेल्या त्यांना आता विचारता येत नाही. मुलगी गप्प झाली, पण तिचं समाधान झालं असं मला वाटलं नाही. व्हायलाही नको होतं.

नंतर मला बाजूला घेऊन तुम्ही पळवल्या गेलेल्या स्त्रियांबद्दल बोललात. दोन्ही बाजूंच्या मिळून त्यांचा अंदाज ७५,००० पर्यंत सांगतात. १९४९ च्या कायद्याने त्यांना शोधून परत पाठवलं गेलं, आणि त्यातल्या कित्येकींना तुला जायचं आहे का हे विचारलंच गेलं नाही. चौदा वर्षांच्या मुलांपुढे हे किती ठेवायचं आणि कॉलेजच्या मुलांपुढे किती, ही तुमची समज मला शिक्षिका म्हणून फार मोलाची वाटली. वय लहान म्हणून तुम्ही खोटं सांगितलं नाहीत, आणि खरं आहे म्हणून सगळं एकदम ओतलंही नाहीत.

शेवटच्या दालनात काटेरी तारेच्या त्या झाडाला मुलांनी कागदी पानं लावली. कुणी काय लिहिलं ते मी वाचलं नाही. तुम्हीच सांगितलं होतंत की बाईंना दाखवायचं नाही.

आता इथली हकीकत. निघताना तुम्ही घरी करायचं काम दिलं होतंत. घरातल्या किंवा गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. पण दंगलीपासून सुरुवात करू नका. घर कसं होतं, शाळा कुठे होती, सणाला काय करायचे, हे आधी विचारा. ती थांबली की तुम्हीही थांबा. न विचारता मोबाइलवर रेकॉर्ड करू नका. तुम्हाला ठाऊकच आहे की आमचं गाव त्याच वादळात वसलंय. कल्याणजवळची महायुद्धातली लष्करी छावणी, तिच्यात कराचीहून आगबोटींनी मुंबईला उतरलेले सिंधी लोक आणून ठेवले, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला तिचं उल्हासनगर झालं. अजून आमच्याकडे पत्ता सांगताना कॅम्प नंबर चार, बरॅक नंबर अमुक, असंच सांगतात. मुलं रोज कॅम्पातून शाळेत येतात. तो कॅम्प कसला, हा प्रश्न त्यांना अमृतसरहून आल्यावर पडला.

एका मुलाची पणजी नव्वदीच्या पुढे आहे. तिने ट्रंकेतून वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला काढून दाखवला. कराचीची नारायण जगन्नाथ हायस्कूल. १८५५ साली निघालेली ही सिंधमधली पहिली सरकारी शाळा, आणि तिला ज्यांचं नाव दिलंय ते नारायण जगन्नाथ वैद्य आपल्याकडचे, मराठी. सिंधमध्ये ते शिक्षण खात्यात अधिकारी होते. हे कळल्यावर वर्गातली मराठी मुलं एकदम त्या दाखल्यावर झुकली, जणू त्यांचाच कुणी नातेवाईक सापडला. कराचीला मराठी माणसंही होती, ती पण आली असतील, असं एक मुलगी म्हणाली, आणि ते खरंच आहे.

आपल्या त्या दोन मुलग्यांपैकी एक गेल्या महिन्यात वर्गात उभा राहिला. त्याच्या पणजोबांचा भाऊ तेव्हा कराचीला गेला, पत्रं येत राहिली, मग बंद झाली. हे त्याने घरी प्रथमच ऐकलं होतं. कुणी त्याला सांग म्हटलं नव्हतं. तो बोलला आणि खाली बसला, आणि पणजीवाल्या मुलाने त्याला विचारलं, कराचीत कुठे? ते दोघे मग मधल्या सुट्टीत मोबाइलवर कराचीचा नकाशा बघत बसले होते.

मराठी घरांतूनही आठवणी आल्या. कुणाच्या पणज्याने कॅम्पात दूध घातलं होतं. कुणाच्या घरी तेव्हाच्या महागाईचा आणि पाण्याच्या भांडणांचा राग अजून शिल्लक आहे. तेही आम्ही लिहून घेतलं. तुम्ही गोड तेवढंच घ्या असं म्हणाला नव्हतात.

हे माझ्या एकटीच्याने झालं नसतं. फाळणीचा पाठ मी दरवर्षी शिकवते, मन लावून शिकवते. पण या मुलांच्या घरांत ती अजून राहते आहे, तिच्याशी कसं बोलायचं हे मला तुम्ही दाखवलंत. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला, पुण्याच्या पिंपरीला, मुंबईत चेंबूरला शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकांनाही त्याचा उपयोग आहे, कारण त्यांच्याही वर्गात अशीच मुलं बसतात. त्यांना एकच सांगणं आहे, जाण्याआधी फोन करा आणि आपल्या मुलांबद्दल मोकळेपणाने सांगा.

दाखल्याची प्रत तुमच्या संग्रहाला हवी असेल तर पणजींची तयारी आहे. मूळ कागद मात्र त्या देणार नाहीत. मुलांनी लिहून घेतलेल्या आठवणी ज्यांनी परवानगी दिली त्यांच्याच पाठवते आहे. विहिरीपाशी प्रश्न विचारणाऱ्या मुलीचं पत्र वेगळ्या पाकिटात आहे. त्यात आणखी तीन प्रश्न आहेत आणि ते तुम्हालाच विचारायचेत, मला नाही, असं तिने बजावलंय. सवडीने उत्तर द्या. पुढच्या वर्षीच्या मुलांची तारीख ठरली की मी फोन करते.

तुमची,
उल्हासनगरची इतिहासाची बाई