जुना लेथ हलवला की आधी लेव्हल बघा, नावं मग ठेवा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरच्या छोट्या जाहिरातींत "सहा फुटी लेथ विकणे, चालू कंडिशन" अशा ओळी दिसतात. उद्यमनगरात असे लेथ (जॉब फिरवून टूलने गोल कापायचं मशीन) येत-जात असतात आणि भांडण ठरलेलं, घेणारा म्हणतो मशीन टेपर मारतंय (जॉब एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक येतो) मला फसवलं, विकणारा म्हणतो माझ्याकडे तर बरोबर चालत होतं. बऱ्याचदा दोघंही खरं बोलत असतात!

कारण बीडाचा (ओतीव लोखंडाचा) बेड, म्हणजे ज्यावर बाकी सगळे भाग बसतात तो लांब पाया, दिसायला दगडासारखा पण खाली जमीन वरखाली असली की तो पिळतो. चौरंगाचा एक पाय आखूड असला तर तो निदान डुगडुगतो, लेथ डुगडुगत पण नाही, स्वतःच्या वजनाने वाकून चारी पाय टेकवून गप उभा राहतो. मग लोक हेडस्टॉकचे (जॉब फिरवणाऱ्या डोक्याचे) बोल्ट सैल करतात, बेअरिंग बदलतात, आणि जे बरोबर होतं ते पण बिघडवून बसतात.

माझं म्हणणं एवढंच की हायड्रा (क्रेन) बोलवायच्या आधी जुन्या जागेवरच एक टेस्ट पीस काढून घ्या. साधारण ४०-५० एमएमचा बार नुसता चकमध्ये (हेडस्टॉकवरच्या जबड्यात) धरायचा, टेलस्टॉक (समोरच्या टोकाचा आधार) अजिबात लावायचा नाही (लावला की त्याची चूक यात मिसळते आणि काही कळत नाही), दीडशे एमएम अंतरावर दोन कॉलर (उंच कड्या) ठेवून मधला भाग खाली उतरवायचा आणि धारदार टूलने एकाच सेटिंगवर दोन्ही कॉलरवर हलका कट. मायक्रोमीटरने मापून साइझ मार्करने त्या पीसवरच लिहायचा, दोघांसमोर. नवीन जागेवर हेच परत करायचं. दोन पीस शेजारी ठेवले की भांडायला काही उरत नाही.

उचलताना पट्टा बेडला घाला, लीड स्क्रू आणि फीड रॉडवर (बेडच्या समोरून जाणाऱ्या लांब दांड्यांवर) दाब येऊ देऊ नका, स्पिंडलला (चक फिरवणाऱ्या दांड्याला) धरून तर कधीच उचलू नका. हेडस्टॉककडे वजन जास्त असतं म्हणून कॅरेज (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) आणि टेलस्टॉक दुसऱ्या टोकाकडे सरकवून तोल साधायचा.

बसवताना सुताराची लेव्हल चालत नाही, एका रेघेला मीटरमागे ०.०२ एमएम दाखवणारी पाहिजे, भाड्याने आणा नाहीतर ओळखीच्या टूलरूममधून मागून आणा. ती बेडवर आडवी ठेवून आधी चकजवळ बघा मग टेलस्टॉकच्या टोकाला बघा. दोन्हीकडे रीडिंग सारखं आलं पाहिजे, बुडबुडा अगदी मध्ये नसला तरी चालतं, जहाजावरचे लेथ हलत्या समुद्रात पण काम करतातच की. पीळ निघाला की टेस्ट पीस घ्या. टेलस्टॉककडचा कॉलर मोठा येत असेल तर त्या टोकाचा पुढचा, म्हणजे ऑपरेटरच्या बाजूचा पाय थोडा उचला, लहान येत असेल तर उलटं. शिम (पायाखाली घालायचा पत्रा) पातळ घ्या, बोल्ट आवळल्यावर परत मोजा. टेलस्टॉकची जुळणी सगळ्यात शेवटी, दोन सेंटरमध्ये (दोन्हीकडच्या टोकदार आधारांत) बार धरून.

एक गोष्ट मात्र लेव्हलने जात नाही, ती म्हणजे बेडची झीज. जुन्या मशीनवर छोटे जॉब जास्त झालेले असतात म्हणून चकजवळचा भागच जास्त खाल्लेला असतो. कॅरेजवर लेव्हल ठेवून ते सावकाश सरकवा, चकजवळ आल्यावर बुडबुडा एकदम हलला तर किंमत त्या हिशोबाने बोला, पण हे पैसे द्यायच्या आधी, नंतर नाही.

आणि काँक्रीट नवीन असेल तर एकदा बसवून मोकळं व्हायची घाई करू नका, ते बसतं तसे पाय पण हलतात, महिनाभराने परत लेव्हल लावून बघा.

एक टर्नर, उद्यमनगर, कोल्हापूर